काठापर्यंतची गाडी

१२ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या कचेरीतून समितीला जी पत्रं येतात त्यांच्यावर 'महोदय' असतं. मी 'दादा'च म्हणणार, तुला राग आला तरी. टेकडीवर चढून दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू मीटिंगमध्ये होतास. पत्राला 'नंतर बोलतो' म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र. समितीच्या टपालातच घालते आहे, म्हणजे निदान उघडशील तरी.

बबीला दिवस गेले आहेत. जावई जहाजावर, त्याला इतक्यात सुटी नाही. नर्सबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, मूल आडवं आहे. घरी बाळंतपण करायचा विचारसुद्धा करू नका, नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यातच न्या, आणि वेळ भरायच्या आधीच पलीकडे नेऊन ठेवा. पलीकडे माझ्या दिराचं घर आहे, नाव आता तोच चालवतो, तिथं ती राहील. पण खाली नदीपर्यंतचा उतार तुला माहीत आहे. तो तिनं चालत उतरायचा नाही असं नर्सबाईंनी बजावलंय. खाटेवरचे हिसकेही तिला चालणार नाहीत, म्हणजे गाडीतूनच न्यायला हवं.

गाडी म्हणजे तुझीच. तू कुठल्याशा सपाट देशातून त्या सायकलमागच्या रुग्णगाडीचं चित्र मिळवून धाडलंस, आपल्या वेल्डरनं उतारासाठी तिला ब्रेक आणि मागून धरायला दांडा बसवला, आतली झोळी आणि वरचं छत मी माझ्या मशीनवर शिवलं. दुहेरी शिवण आहे, बैल झोपवला तरी उसवणार नाही. तुमच्या वार्तापत्रात फोटो आल्यापासून परदेशातली माणसं ती बघायला येतात. आणि जगाला ठाऊक असलेली ती गाडी समितीच्या खोलीत कुलपात असते. किल्ली अध्यक्षांच्या कमरेला.

तुला हे कोणी कळवलं नसेल, म्हणून मी कळवते. गाडी तयार झाल्यापासून तिच्यात एकही आजारी माणूस झोपलेलं नाही. शाळेच्या मास्तरांचा पाय मोडला तेव्हा आम्ही मागायला गेलो होतो. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या आठवड्यात पाहुणे आहेत, झोळीला रक्त लागलं तर काय दाखवायचं? मास्तरांना दाराच्या फळीवर घालून नेलं. अध्यक्ष दुष्ट नाहीत. पाहुणे खूश झाले की रस्ता येईल आणि रस्ता आला की गाडीच नको, असं त्यांना मनापासून वाटतं. तोवर गाडी कोरी राहिली पाहिजे.

पाहुणे आले की, आणि त्याआधीच्या तालमीलाही, पेशंट लागतो. तो मान कायम बबीचा. ती किडकिडीत, ढकलायला हलकी, आणि कण्हते छान. मी शेजारून तिचा हात धरून चालायचं आणि डोळ्यांना पदर लावायचा. जानेवारीतल्या पाहुण्यांसमोर तर ती पोट घेऊनच झोपली. अध्यक्ष म्हणाले, अगदी खरं वाटतंय. खरंच होतं की रे ते.

तू अध्यक्षांना दोन ओळी लिही. गाडी आजाऱ्यांसाठी आहे, एवढंच लिही. ते तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत.

तुझी धाकटी


३ मार्च

दादा,

उत्तर नाही. तुला दूरदूरच्या देशांतल्या बैलगाड्यांची खबर असते, कुठे गाढवाच्या पाठीवर कसं खोगीर घालतात तेही तू छापतोस. बहिणीचं पत्र मात्र कुठल्या खणात पडलंय देव जाणे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बबीला परवा रक्त दिसलं. थोडंच, पण नर्सबाईंचा चेहरा मी पाहिला. आता तिनं उठायचंसुद्धा नाही. कॉटच्या पायांखाली विटा घातल्या आहेत, ती पाय वर करून पडून असते आणि मी कापड कापताना तिच्याकडे बघत राहते. काल एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. उसवत बसले, ती हसली. हसल्यावरही तिला भीती वाटते, पोटाला हात लावून थांबते.

तू का लिहीत नाहीस ते मला न कळायला मी दूधखुळी नाही. आई त्या काठावर गेली. आपण तिला खाटेवर घालून खाली नेलं आणि नाव पलीकडे होती. तू घसा बसेपर्यंत हाका मारल्यास. नावाडी जेवायला गेला होता. पुढे मी त्याच नावाड्याच्या मुलाशी लग्न केलं आणि तू माझं तोंड बघणं सोडलंस. माझा नवरा गेला तेव्हाही आला नाहीस. बरं, नाही आलास. तू घरातून निघालास आणि माणसांना दवाखान्यात पोहोचवायच्या कामाला लागलास, ते कुणासाठी ते मला कळतं. पण ज्या घरावर तू रागावलास त्या घरातली ही पोर नव्हे. ती तुझ्या आईची नात आहे. तिचं कपाळ आईचं आहे.

एक गोष्ट राहून गेली. जानेवारीत जे पाहुणे आले त्यांत एक बुटकी बाई होती, मोठे बूट घातलेली. तिच्या गावात ती हातगाडीवरून भाजी वाहते म्हणे. बाकीचे फोटो काढत होते, ही माझ्या शिवणीला बोट लावून बघत होती. आम्ही नेहमीप्रमाणे गाडी नदीच्या काठापर्यंत नेली, मी नेहमीप्रमाणे "नाव आणा" म्हणून ओरडले, फोटो झाले, परत फिरलो. तेव्हा तिनं दुभाष्याला विचारलं, आता पुढे कसं जाणार? अध्यक्ष हसून म्हणाले, नाव असते ना, चोवीस तास. नाव पलीकडेच बांधलेली होती. अध्यक्षांनी दिराला सांगूनच ठेवलंय, आम्ही गाडी घेऊन आलो की तू अलीकडे येऊ नकोस, पाहुण्यांना नावेत बसायची हौस येते आणि अर्धा दिवस जातो. ती बाई म्हणाली, आमच्याकडे नाव दोराला असते, दोन्ही काठांवरून ओढता येते, नावाडी नसला तरी चालतं. कुणी ते लिहून घेतलं नाही. मलाही तेव्हा स्वयंपाकाची घाई होती.

अध्यक्षांकडे मी पुन्हा गेले होते. पाया पडायचंच बाकी ठेवलं. ते म्हणाले, तुमच्या भावाकडून पत्र आणा.

तुझी धाकटी


२० मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. अध्यक्षांच्या नावाने आलं, पण मी वाचलं. 'सदर वाहन स्थानिक रुग्णांच्या वापरात असावे अशी आमची धारणा आहे.' धारणा! अरे, आज्ञा म्हणायचं होतंस. तरी तू लिहिलंस. मी कागद घरी आणून बबीला दाखवला, तिनं तो उशाखाली ठेवलाय. मामाची सही मामासारखीच तिरकी आहे म्हणाली.

आता ऐक. अध्यक्षांनी समितीपुढे पत्र वाचलं आणि सगळे म्हणाले, दिली, गाडी दिली. मी तिथंच रडले. मग अध्यक्ष म्हणाले, फक्त नऊ एप्रिलला पाहुणे येऊन जाऊ द्या. दहाला सकाळी गाडी तुमच्या दारात. मोठे पाहुणे आहेत, नदीपर्यंतच्या रस्त्याचं त्यांच्याच हातात आहे, तुमच्या भावाच्याच कचेरीनं पाठवलेत. एवढे दिवस थांबलात, आणखी थोडं थांबा.

वेल्डर एकटा बोलला की पाहुण्यांना सांगू, गाडी पेशंट घेऊन गेलीय, ते ऐकून जास्त खूश होतील. सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले, जसं काही त्यानं भर पंगतीत पानच उलटं केलं. अध्यक्ष म्हणाले, आणि दाखवायचं काय, रिकामी खोली?

दादा, दहा एप्रिल मला दिसत नाही. रोज थोडं थोडं रक्त जातंय. बबी सांगत नाही, पण चादरी मी धुते. तुझ्या हातात आहे, ते पाहुणे पुढे ढकल. त्यांना ताप येऊ दे, विमान चुकू दे, काहीही कारण दे. तू इतकी वर्षं इतक्या देशांना एकमेकांशी जोडत बसलास, तुझ्या एका शब्दावर माणसं समुद्र ओलांडतात. त्यांना फक्त एकदा, येऊ नका, एवढं सांग.

फोन केला. मीटिंग.

तुझी धाकटी


२ एप्रिल

दादा,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिते, नुसतं बसून राहवत नाही.

काल संध्याकाळी खूप रक्त गेलं. नर्सबाई म्हणाल्या, आता वाट बघू नका. मी अध्यक्षांकडे गेले तर ते शहरात, पाहुण्यांच्या गाड्या ठरवायला. किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, मी तरी काय करू.

वेल्डर येतोय. कुलूप त्यानंच बसवलं होतं, तोच तोडतो म्हणालाय. बबीला नवा परकर घातलाय. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, रस्ता तुझ्या पाठीला पाठ आहे. ती म्हणाली, आई, या खेपेला मी खरंच कण्हले तर हसू नकोस हं.

निघतो.


११ एप्रिल

दादा,

आम्ही दवाखान्यात आहोत. बबी आहे. बाळ नाही. मुलगा होता.

डॉक्टर म्हणाले, आणखी जरा उशीर झाला असता तर तीही गेली असती. तिला आता पुन्हा मूल होणार नाही. नदीवर थोडा वेळ गेला, तेवढंच. गाडी छान चालली. ब्रेक धरला, शिवण धरली. तुझं चित्र चांगलं होतं, कोणाला लिहून कळवायचं असेल तर कळव.

बबी बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून असते. मी तिच्या केसांतून हात फिरवते तर फिरवू देते.

पाहुण्यांचं येणं पुढे ढकलल्याचं कळलं. आता ढकलून काय उपयोग, पण ढकललंत ते बरं केलंत.

तुझी धाकटी


२८ एप्रिल

दादा,

घरी आलो. तुझं पत्र आलंय, माझ्या नावानं, आतापर्यंतचं पहिलं. मी ते डब्यावर ठेवून दोन दिवस नुसतं येता-जाता बघितलं. मग उघडलं. तू विचारतोस, नदीवर वेळ का गेला? नाव कुठे होती?

मी तुला हे सांगणार नव्हते. तू म्हणशील, बघ, त्याच घरातला नावाडी, पुन्हा तेच. तुला तसं म्हणायला मिळू नये म्हणून मागच्या पत्रात मी ते गिळलं. पण तू विचारलंस, आणि मला आता लपवायचा कंटाळा आलाय.

आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा चांगलं ऊन होतं. पिवळी गाडी, पांढरी चादर, वर छत, मागे दांडा धरून वेल्डर, शेजारून मी बबीचा हात धरून. नाव पलीकडे बांधलेली. माझा दीर नावेत बसून जाळं दुरुस्त करत होता. मला तो स्पष्ट दिसत होता. मी ओरडले, "नाव आणा." त्यानं मान वर केली, आम्हाला बघितलं आणि हात हलवला. मग पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

तू आता समजलास ना? त्याला सांगितलं होतं की नऊला पाहुणे आहेत आणि बबीला गाडी दहालाच मिळणार. बबी अंथरुणाला खिळलीय हे त्याच्या कानावर होतं, म्हणून त्याला वाटलं, छताखाली या खेपेला दुसरीच कोणी झोपवलीय आणि ही तालीम चाललीय. तालमीत मी ओरडते. तालमीत मी रडते. तालमीत वेल्डर दोन्ही हात वर करून हलवतो, ते अध्यक्षांनीच बसवलंय, फोटोत चांगलं दिसतं म्हणून. आम्ही जे जे केलं ते सगळं त्यानं आधी पाहिलेलं होतं. आणि त्यानं जे केलं ते त्याला सांगितलेलंच होतं, गाडी दिसली की अलीकडे यायचं नाही. मी पदर फेकून दिला, वाळूत बसून कपाळ बडवलं. तो हसला रे. दुरून मला त्याचे दात दिसले. त्याला वाटलं, वहिनी आज जास्तच रंगात आलीय.

बबीला कळत होतं. ती छताखालून म्हणाली, "आई, काकाला खरं कसं सांगायचं?" तू तेव्हा घसा फोडलास आणि ऐकायला कोणी नव्हतं. माझं तर तो ऐकत होता.

शेवटी वेल्डरनं कपडे काढून पाण्यात उडी घेतली. त्याला धड पोहता येत नाही. तालमीत कोणी पाण्यात उडी घेत नाही, तेव्हा कुठे दिराच्या हातातलं जाळं खाली पडलं. त्यानं मधल्या धारेत वेल्डरला केसांना धरून नावेत ओढलं आणि आमच्याकडे आला. चादर लाल झालेली बघितली आणि स्वतःच गाडी नावेत चढवली. दवाखान्यापर्यंत त्यानं दांडा कोणाला धरू दिला नाही.

आता तो नावेतच राहतो. काठावर कोणी शिंकलं तरी नाव सोडतो. बायको जेवण आणून देते, ते तसंच असतं. तुला त्याच्यावर रागवायचं असेल तर रागव, पण तुझ्या आधी त्यानं स्वतःवर इतका राग केलाय की तुझ्या वाट्याला फारसं उरलेलं नाही. माझ्या सासऱ्यांवरचा तुझा राग मला पटायचा. यानं मात्र काही चुकवलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला न यायची सवय लावली.

परवा अध्यक्ष आले होते. चपला बाहेर काढून उंबऱ्यातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. बाळाबद्दल काहीतरी बोलायला गेले आणि रडले. मग खिशातून किल्ली काढून माझ्या मशीनवर ठेवली. म्हणाले, आता खोलीला कुलूप नाही, पण ही तुमच्याकडे असू द्या. जाता जाता थांबले. मे महिन्यात पाहुणे येणार आहेत, तुमचे बंधू स्वतः येणार आहेत, रस्त्याचं ठरायचं आहे. पेशंट कोण ते बघावं लागेल. मला नाही, दाराच्या चौकटीला सांगितल्यासारखं बोलले. मी हातातली कात्री खाली ठेवली, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही.

तेवढ्यात आतून बबी बोलली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. "पलीकडे नेणार असाल तर मी झोपते." अध्यक्ष मान खाली घालून गेले.

ती नाही झोपणार. तिला मी आता त्या गाडीत पुन्हा झोपवणार नाही, रस्ता सोन्याचा मिळाला तरी.

तू लिहितोस, बहिणीसमोर कोणत्या तोंडाने येऊ. ये तशाच तोंडानं. मला माफी नको आहे, मला दोर हवा आहे. दोन्ही काठांवरून ओढता येईल असा, नावाडी जेवायला गेला असला, हसत असला, मेला असला तरी चालेल असा. ती बुटकी बाई कुठल्या देशातली ते तुला ठाऊक असणार, तुमच्याच जाळ्यातली ती. तिला घेऊन ये. बाकीचे पाहुणे नाही आले तरी चालेल. चित्र नको पाठवू, तिलाच आण, आणि जिनं तो दोर स्वतः ओढलाय अशी आणखी कोणी असेल तर तिलाही. वेल्डर म्हणतो, दोन्हीकडे खांब तो उभे करील. तू आजवर सगळं काठापर्यंत आणलंस, दादा. पुढचं त्या बाईनं विचारलं आणि आपण हसलो.

आणि पेशंट तू.

मी अध्यक्षांना तसं कळवलंय. तू वर गावात गाडीत झोपायचं, बूट काढून, छत ओढून. पाहुण्यांनी ढकलायचं, ब्रेक कसा धरायचा ते वेल्डर दाखवील. काठावर आल्यावर कोणी ओरडायचं नाही, हात हलवायचे नाहीत, फोटो काढायचा नाही. दिराला मी सांगितलंय, त्या दिवशी नाव पलीकडे बांध आणि घरी जाऊन नीट जेव. तू नुसता पडून राहायचंस. ऊन लागेल, तहान लागेल, नदीचा आवाज येईल. आई तिथं किती वेळ पडली होती ते तू उभ्यानं पाहिलंस, आडवं होऊन कधी पाहिलं नाहीस. पाहुणे उभे राहून कंटाळतील आणि कोणीतरी विचारेल, आता पुढे कसं जायचं? तेव्हा त्या बाईला बोलू दे.

घाबरू नकोस. झोळी मी धुऊन पुन्हा शिवली आहे, आणि शेजारून तुझा हात धरून मी चालेन. ते मला आता चांगलं जमतं.

तुझी धाकटी